कूस बदलायला माणूस नव्हता

मी गोड बोलणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. लातूरला क्लाससाठी आलेल्या पोरांची मेस चालवते मी. पन्नासेक पोरं दोन्ही वेळा जेवतात. गोड बोलत बसले असते तर एकाच्याही ताटात वेळेवर पोळी पडली नसती. आजारपणाबद्दल लिहा, असं मला व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सुचवलं. म्हणाल्या, काकू, दुसऱ्यांना धीर येईल. धीराचं मला माहीत नाही. वाचून एखादं घर शहाणं झालं तर बरंच आहे.

नांदेडला पडले

माझी लेक सविता नांदेडला दिली आहे. तिच्या बाळाच्या बारशाला गेले होते. बारशाच्या गडबडीत पोट बिघडलं, दोन दिवस संडासच्या चकरा झाल्या, मग बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात पायाला मुंग्या यायला लागल्या. चालता चालता पायातली चप्पल मागं राहायची आणि मला कळायचंच नाही. मी म्हणलं, अशक्तपणा असेल.

एका सकाळी मोरीत बसले ती उठताच येईना. सविता बाहेरून हाका मारत राहिली, "आई, उठ की, किती वेळ झालाय." मी म्हणत होते, "उठायलेच की." आणि पाय मात्र दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पडलेले. दुपारपर्यंत हात गेले. संध्याकाळी जीभ जड झाली, शब्द घोगरे यायला लागले, मग तेही बंद.

नांदेडच्याच दवाखान्यात नेलं, तिथले डॉक्टर तरुण होते. जीबीएस म्हणाले. आपल्याच अंगातली ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला समजावलं. आमचे मालक साधे माणूस. त्यांनी एकच विचारलं, "बरी होईल का हो?"

"बहुतेक जण होतात. पण वेळ लई लागतो. औषध आम्ही देऊ. तोवर यांना नीट सांभाळणं, हाच खरा इलाज. दर दोन तासांनी कूस बदलली पाहिजे. न्हाई तर आजार बरा होईल आणि पाठ सडून जाईल."

हे सगळं मी ऐकत होते. या आजारात डोकं शाबूत राहतं. कान शाबूत राहतात. माझ्यासारख्या तोंडाळ बाईचं तोंड बंद आणि कान उघडे, याच्यापेक्षा वाईट शिक्षा कुणाला सुचली नसती. पापण्यासुद्धा मिटत नव्हत्या. बुबुळं तेवढी वर-खाली होत होती, बाकी सगळं मढं.

गळ्याला भोक पाडून नळी घातली, मशीनवर ठेवलं. त्या अतिदक्षता विभागात दोन खाटांमागं एक सिस्टर होती. नातेवाइकांना आत येऊ देत नव्हते, काचेतून बघा म्हणायचे. माझी माणसं बाहेर कुरकुर करायची, जेल हाय का दवाखाना. मीही मनात कुरकुरायचे. पण माझी पाठ तिथं कधी लाल झाली नाही. सिस्टर यायच्या, दोघी मिळून मला वळवायच्या, पाठीमागं उशी लावायच्या, चालल्या. आईसारखी माया वगैरे काही नाही. काम करायच्या. त्या कामाला किंमत असते हे मला लातूरला आल्यावर कळलं.

आपल्या माणसांत

मशीन निघाली. आता नुसतं पडून राहायचं, व्यायाम करायचा, वाट बघायची. तेव्हा घरात ठरलं की आईला लातूरला आणू, आपल्या माणसांत राहिली तर लवकर बरी होईल. हे ठरवलं आमच्या थोरल्या दिरांनी, दिगंबरदादांनी. ते रेणापूरकडं गावी असतात. मास्तर होते, आता रिटायर. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. माझे मालक तर त्यांच्यापुढं मान वर करून बोलत नाहीत, आणि माझा मुलगा बालाजी बापावर गेलेला.

दादांच्या ओळखीचं एक नर्सिंग होम होतं. दोन मजले, खाली औषधाचं दुकान, फरशी चकाचक. सगळ्यांनी फरशीचं कौतुक केलं. सिस्टर किती आहेत, हे माझ्या घरातल्या एकानंही विचारलं नाही.

मी पहिल्या दिवशीच मोजून घेतलं. दुसरं करण्यासारखं काय होतं मला? आमच्या मजल्यावर एक शिकलेली सिस्टर. तिच्या हाताखाली नर्सिंगच्या शाळेतल्या दोन पोरी, त्यांना सलाईनची बाटली लावता यायची, माणूस उचलता येत नव्हता. आणि एक मावशी, जी फरशीही पुसायची, चहाही आणायची आणि पेशंटचं भांडंही द्यायची. खाटा सगळ्या भरलेल्या.

मेस चालवणाऱ्या बाईला यातलं गणित लगेच कळतं. माझ्याकडं पोळ्यांना दोन बायका, भाजीला एक, वाढायला एक, भांड्यांना एक. एक जरी आली नाही तरी पोळी कच्ची जाते, ताट खरकटं राहतं. कुणी वाईट वागतं म्हणून नाही. हात कमी पडतात म्हणून. मी खाटेवर पडून बघत होते आणि मला दिसत होतं की इथं पोळी कच्ची जाणार, आणि ती पोळी मीच आहे.

मुक्ता सिस्टर

त्या एका सिस्टरचं नाव मुक्ता. तिशीतली, काळीसावळी, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी येऊन म्हणाली, "काकू, माझा राउंड होईपर्यंत कुठं पळून जाऊ नका बरं." मला बोटसुद्धा हलवता येत नव्हतं. चेहरा हलत असता तर मी हसले असते. महिनाभरात माझ्याशी चेष्टेनं बोलणारं ते पहिलं माणूस.

माझी बुबुळं हलतात हे तिनंच हेरलं. म्हणाली, "हाव असेल तर वर बघा, न्हाई असेल तर खाली." मग विचारायची, पाठ दुखते? वर. उजवीकडं वळवू? खाली. डावीकडं? वर. मला परत माणसात आणलं त्या पोरीनं. घरच्यांनाही तिनं हे सांगितलं होतं. बालाजीनं दोनदा करून बघितलं, त्याला वाटलं आई नुसतीच डोळे फिरवतेय. रडत बाहेर गेला. दादा म्हणाले, पेशंटला शिणवू नका.

माझे डोळे मिटत नसल्यामुळं ते सुकायचे, जळजळायचे, आणि मग धारा लागायच्या. मुक्ता थेंब घालायची आणि पापण्या ओढून वर कागदी चिकटपट्टी लावायची. त्यानं बरं वाटायचं. पण भेटायला आलेल्या बायकांना माझं तोंड बघायचं असायचं. "अगं बाई, डोळे कशाला बांधलेत, निदान बघू तरी द्या आम्हाला," म्हणून पट्टी काढायच्या आणि जाताना लावायचं विसरायच्या.

भेटायला येणं

आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर ते जन्मभर काढतात. तुमच्या बापाच्या वेळी आम्ही आलो, आमच्या वेळी तुम्ही फिरकला न्हाईत. म्हणून लोक येतात. रेणापूरच्या बाजूनं जीप भरून यायचे, लोह्याहून माझ्या माहेरचे यायचे. सकाळी अकराला येऊन बसले की चहाला एकदा उठायचे, ते परत येऊन बसायचे. पायाशी दोघी, उशाशी एक, स्टुलावर पुरुष माणसं. केळी सोलायचे, पिकापाण्याचं बोलायचे. मायेनंच यायचे, खोटं कशाला बोलू. पण मी त्यांच्या मध्ये उताणी पडलेली.

आता कूस बदलायची म्हणजे काय, तर मागून उघडा असलेला तो दवाखान्याचा झगा सारायचा, पाठ पुसायची, खालची चादर बदलायची. सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांसमोर हे कसं करायचं? दादा आले की माझी जाऊ आधी माझ्या डोक्यावर टॉवेल ओढायची. मी कधी दादांसमोर उघड्या डोक्यानं गेले नव्हते, म्हणून. गळ्यात नळी, नाकात नळी, आणि डोक्यावर पदराच्या जागी टॉवेल. लिहाज पाळला पाहिजे ना!

शिकाऊ पोरी दाराशी यायच्या, आत एवढी माणसं बघून परत जायच्या. मावशी म्हणायची, पाहुणे गेल्यावर बघू. पाहुणे म्हणायचे, सिस्टर कशी येईना अजून. दवाखाना म्हणायचा, यांची एवढी माणसं आहेत की. माणसं म्हणायची, दवाखाना कशाला आहे मग. या दोघांच्या मध्ये माझं माकडहाड गादीला टेकलेलं. आधी जळायचं. मग ठणकायचं. संध्याकाळी बधिर व्हायचं, तेव्हा मला जास्त भीती वाटायची. बाकीचं अंग मेलेलं आणि दुखणं मात्र जिवंत, असा तो आजार.

एकटी मुक्ता आत घुसायची. "चला, सगळे बाहेर. दहा मिनिटं." माणसं तोंडं वाकडी करत उठायची. ती आणि मावशी मिळून मला वळवायच्या. दर दोन तासांनी तिलाही जमायचं नाही, मजला अख्खा तिच्या अंगावर. पण ज्या पाळीला ती असायची त्या पाळीला माझी पाठ गादीवरून उठायची.

त्या दुपारी

त्या दिवशी दादा गावाकडचे चार मोठे पाहुणे घेऊन आले होते. एक जण पंचायत समितीचे माजी सदस्य. सकाळपासून मी उताणी. मुक्ता आली, म्हणाली, "बाहेर व्हा थोडं, काकूंना वळवायचंय."

दादा म्हणाले, "पाच मिनिटं थांब. पाहुणे लांबून आलेत."

ती गेली. परत आली. "आता तरी उठा."

"सांगितलं ना पाच मिनिटं."

"सकाळपासून तुमची पाच मिनिटंच चालू हायत," ती म्हणाली. पुढं झाली, माझ्या डोक्यावरचा टॉवेल काढून बाजूला टाकला आणि पडदा ओढायला लागली. "तुमच्या लिहाजापायी यांची पाठ सडायलीय. कळतंय का?"

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. दादांचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की आता काही खरं नाही. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, एका पगारी पोरीनं त्यांना बोलावं! ते तडक खाली गेले आणि मोठ्या डॉक्टरांनाच घेऊन वर आले.

दादा मास्तरांच्या आवाजात बोलत होते. ही बाई उद्धट हाय. पेशंटच्या अंगावरचं ओढून काढते. आमच्यासमोर असं वागते, तर आमच्या मागं काय करत असेल?

डॉक्टर माझ्याकडं वळले. "काकू, सिस्टर तुम्हाला त्रास देतात का?"

मी खाली बघितलं. जेवढं खाली बघता येईल तेवढं. न्हाई. न्हाई. न्हाई.

डॉक्टरांना काय कळणार? राउंडला ते उभ्या उभ्या येऊन जायचे. पट्टी सकाळीच कुणीतरी काढलेली होती, डोळे सुकून जळत होते, आणि नेमकी तेव्हाच धार लागली. दोन्ही डोळ्यांतून पाणी कानापर्यंत.

"बघा," दादा म्हणाले. त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. "बघा, बालाजीची आई रडायलीय. बिचारीला बोलता येत न्हाई म्हणून."

मुक्ता म्हणाली, "सर, त्या न्हाई म्हणायल्यात. डोळे बघा त्यांचे. खाली म्हणजे न्हाई."

"वा!" दादा म्हणाले. "आता पेशंटच्या नावावर खोटंही बोलायला लागली."

माझे मालक भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. त्यांना माहीत होतं, मी शपथेवर सांगते. मग त्यांनी भावाकडं बघितलं, आणि मान खाली घातली. बालाजी म्हणाला, "सर, त्यांना बदलूनच द्या, उगा वाद नको."

मी आतून ओरडत होते. पन्नास पोरांच्या गोंगाटात ऐकू जाणारा माझा आवाज, आणि तो गळ्यातल्या नळीतून नुसता सूं करून बाहेर गेला. पडदा अर्धाच ओढलेला राहिला. मला त्या दिवशी कुणी वळवलं नाही.

त्यानंतर

मुक्ताला वरच्या मजल्यावर टाकलं, आणि थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडून गेली. सोडली की सोडायला लावली, कोण सांगणार. तिच्या जागी कुणी आलं नाही. शिकाऊ पोरींपैकीच एकीला सिस्टर म्हणायला लागले.

मोठे डॉक्टर बालाजीला सांगत होते, "माणसं मिळत न्हाईत हो. शिकल्या की पुण्याला जातात, बाहेर देशात जातात. आम्ही तरी काय करणार?" खोटं नव्हतं ते. पण होती तिला कुणी घालवलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बालाजीनं विचारलं नाही.

एकदा तपासणीवाले येणार होते. त्या दिवशी मजल्यावर मी कधी न बघितलेल्या पोरी पांढऱ्या कपड्यांत प्रत्येक खाटेपाशी उभ्या. दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यातून आणलेल्या. पाहुण्यांनाही बाहेर काढलं होतं. त्या दिवशी माझी कूस दोन-दोन तासांनी बदलली, पाठीला पावडर लावली, नखंसुद्धा कापली. दुसऱ्या दिवशी त्या पोरी नव्हत्या. पाहुणे होते.

शेजारच्या खाटेवर खालिदाबी होत्या, गंजगोलाईकडच्या जुन्या शिंपी घरातल्या. अर्धांगवायू झालेला. त्यांच्याजवळ त्यांची एकच मुलगी, नसरीन. तिला आपल्या आईचंच उरकत नव्हतं. तरी सकाळी पाहुणे यायच्या आत, मावशीला हाक मारून, ती मला एकदा वळवून जायची. "आंटी, माझ्या अम्मीचं झालं की तुमचंच," म्हणायची. माझं आणि तिचं कसलंही नातं नाही. मालक पहाटे येऊन माझ्या पायांना तेल लावायचे. तेवढं तेल लावून, भाऊ यायच्या आत, कोपऱ्यात जाऊन बसायचे. पाठीचं काम बायकांचं, असं दादांनी त्यांना सांगितलं होतं.

मग वास यायला लागला. मला माझाच वास यायचा. नाक चांगलं होतं माझं. मेसमध्ये उतरलेली भाजी मी झाकण न काढता ओळखते. हा वास कशाचा हे मला पहिल्या दिवशी कळलं.

जावेलाही आला तो. तिनं काय करावं? उदबत्ती आणली. केळ्यात खोचून खिडकीत लावली. पाहुण्यांना बरं वाटलं, देवळात बसल्यासारखं. रोज नवी उदबत्ती. धुरानं माझ्या नळीत खोकला अडकायचा आणि डोळ्यांना आणखी धारा लागायच्या, आणि सगळे म्हणायचे, बघा, किती रडते.

शेवटी नसरीननंच एक दिवस मला वळवताना पहिल्यांदाच मागचा झगा सारला आणि ओरडली. मावशी तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. माकडहाडावर मूठभर खड्डा पडला होता. आत हाड दिसत होतं. बालाजी दारात उभा होता, त्यानं बघितलं आणि तिथंच खाली बसला.

हाड झाकायला

जीबीएसमधून मी पावसाळ्याच्या अखेरीला बऱ्यापैकी बाहेर आले. हात आले, आवाज आला. बेडसोरमधून, म्हणजे पाठीच्या त्या जखमेतून, बाहेर यायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला. दुसऱ्या दवाखान्यात सडलेलं मांस कापून काढलं, मांडीची कातडी फिरवून तिथं शिवली. कितीतरी महिने मी पालथी झोपले. अजूनही लाकडी खुर्चीवर बसता येत नाही. मेसच्या गल्ल्यावर मी उभीच असते, आणि पोरांना वाटतं, काकू लई कडक.

गळ्यातली नळी निघाल्यावर पहिला शब्द मी बोलले तो "मुक्ता". घरच्यांना वाटलं, भ्रम झाला.

दादा घरी भेटायला आले तेव्हा मी डोक्यावर पदर घेतला नाही. म्हणलं, "दादा, त्या दिवशी मी रडत नव्हते. डोळे सुकले होते. मी न्हाई म्हणत होते."

मला वाटलं, आता माणूस विरघळेल. ते म्हणाले, "झालं गेलं. आम्ही केलं ते तुमच्या भल्यासाठीच केलं. पण त्या पोरीनं चारचौघांत माझी बेइज्जती केली, ती तुम्हाला दिसली न्हाई का?"

मी मालकांकडं बघितलं. ते पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होते. मला त्या क्षणी दिरांचा जेवढा राग आला त्याच्या दुप्पट नवऱ्याचा आला. तो अजून गेलेला नाही. त्यांच्या हातचं तेल मी आजही लावून घेते, आणि रागही आहे. दोन्ही चालू आहे.

तुमच्या घरात कुणी असं पडलं तर फरशी बघू नका, लिफ्ट बघू नका. दुपारच्या वेळी जा आणि मजल्यावर किती शिकलेल्या सिस्टर आहेत ते डोळ्यांनी मोजा. आणि भेटायला जाल तर तोंड दाखवून निघा. बसू नका. तुमचं बसणं दुसऱ्याच्या हाडाला लागतं.

नांदेडला परत

लातूरच्या दवाखान्यातल्या मावशीकडून कळलं की मुक्ता नांदेडला एका नर्सिंग होममध्ये आहे. यंदा लेकीकडं गेले तेव्हा सविताला घेऊन ऑटोनं तिथं गेले. हातात काठी होती. काय बोलायचं ते घरून ठरवलं होतं. माफी मागायची, घरच्यांच्या वतीनं. तिच्या पाया पडायचं, वय काहीही असो.

ती काउंटरवर बसली होती, मोबाइल चार्जिंगला लावून. मला बघून ओळखलं तिनं. आधी डोळ्यांकडं बघितलं, मग पायांकडं. "चालायल्यात की तुम्ही," म्हणाली.

मी जे ठरवलं होतं ते सगळं बोलले. रडलेही, या वेळी खरंच. तिनं ऐकून घेतलं. "जाऊ द्या काकू," म्हणाली. "पाठीचं काय झालं?"

मी सांगितलं. ती मान हलवत राहिली, जसं काही तिला माहीतच होतं.

तिच्या मागं वॉर्डचं दार उघडं होतं. पहिल्याच खाटेवर एक म्हातारी बाई उताणी पडलेली, नाकात नळी. भोवती सात-आठ माणसं. एक पुरुष तिच्या पायाशी मांडी घालून बसलेला. म्हातारीच्या डोक्यावर पदर नीट ओढलेला.

मी म्हणलं, "मुक्ता, तिला कधी वळवलंय?"

"बघू. माणसं गेल्यावर."

"बाहेर काढ की त्यांना."

"मी आता कुणाला बाहेर काढत न्हाई, काकू." आवाज शांत होता तिचा. "लातूरहून निघाल्यावर सहा महिने कुणी ठेवून घेतलं न्हाई मला. भांडखोर म्हणून नाव गेलं होतं पुढं. इथं मजल्यावर मी एकटीच हाय. वरून सांगितलंय, नातेवाईक नाराज झाले न्हाई पाहिजेत."

माझं डोकं फिरलं. काठी टेकत मी आत गेले. "उठा सगळे," म्हणलं. मेसमधला आवाज होता तो माझा, अख्ख्या मजल्यावर गेला असेल. "उठा, बाहेर व्हा. या बाईची पाठ सडायलीय तुमच्या बसण्यानं. माझी सडली, दाखवू का?"

पायाशी बसलेला माणूस उठला नाही. "तुम्ही कोण?" म्हणाला. "आमच्या आईच्या कोण लागता?"

"कुणी न्हाई लागत."

"मग?" तो सिस्टरच्या दिशेनं बघून म्हणाला, "ओ सिस्टर, ही कोण बाई येऊन आरडाओरडा करायलीय? पेशंटला तरास हाय हा."

मुक्ता आली. तिनं माझ्या दंडाला धरलं. घट्ट धरलं, पण दुखलं नाही. तसंच धरून ती मला वळवायची. "काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या ड्युटीत तमाशा नको. तुम्ही बाहेर चला."

त्या खोलीतून एकट्या मला बाहेर काढलं. सविता दाराशी रडवेली होऊन उभी होती. मुक्तानं दार ओढून घेतलं. दाराच्या काचेतून मी बघितलं, माणसं परत सरकून नीट बसली होती, आणि ती बाई अजून उताणीच होती.